टेकडीची पायवाट राखायची तर: पुण्यातल्या श्रमदानासाठी

वेताळ टेकडीवर, तळजईवर किंवा सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर दिवाळीच्या सुमारास चढून पाहा. वाटेच्या मधोमध ओघळ पडलेली असते, कुठे घोटाभर, कुठे गुडघाभर. कडेची मुळे उघडी पडलेली असतात. ओघळीतून चालवत नाही म्हणून लोक शेजारून चालू लागतात, तिथले गवत मरते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेही ओघळ पडते. दोन-चार वर्षांत एका वाटेच्या तीन होतात. हे नुकसान पायांपेक्षा पाण्याने जास्त होते. म्हणून वाटेच्या श्रमदानात पहिले काम पाणी वाटेबाहेर काढण्याचे. पायऱ्या, भिंती, दिशादर्शक पाट्या हे सगळे त्यानंतर. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे होते: उत्साहाने पायऱ्या बांधल्या जातात आणि दोन पावसाळ्यांत त्या अधांतरी लटकतात, कारण पाणी अजून त्याच वाटेने येत असते.

आधी परवानगी

पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांचा बराच भाग वनविभागाकडे आहे. तिथे कुदळ मारण्याआधी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा लागतो. अर्जात वाटेचा नकाशा, कामाच्या तारखा, माणसांची संख्या, कोणती हत्यारे आणणार आणि नेमके काय करणार हे लिहा. ‘वाट दुरुस्ती’ एवढेच लिहिलेला अर्ज रेंगाळतो. ‘अमुक वळणापासून तमुक झाडापर्यंत १२० मीटर, पाणी काढण्यासाठी सहा लवणी (वाटेतले उथळ खळगे), नवी वाट नाही’ असे लिहिले की अधिकाऱ्यांनाही निर्णय घेणे सोपे जाते. त्या हद्दीच्या (बीटच्या) वनरक्षकाला आधी सोबत नेऊन वाट दाखवा. कुठे पाणी साचते आणि दरवर्षी वणवा कुठून शिरतो, हे त्याला पाठ असते.

गडांचे नियम आणखी कडक आहेत. लोहगड आणि विसापूर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. लोहगड आणि राजगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीतही गेले. संरक्षित वास्तूच्या आवारात परवानगीशिवाय खोदकाम किंवा बांधकाम करता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. तटबंदीतून ढासळलेला घडीव दगड पायरीला वापरणे हा तर वारसा मोडण्याचाच प्रकार. दगडावर छिन्नीच्या खुणा दिसल्या की तो जिथे आहे तिथेच राहू द्या. गडाच्या पायथ्याची वाट कुणाच्या खासगी रानातून जात असेल, तर त्या शेतकऱ्याशी बोलल्याशिवाय काडीही हलवू नका.

पावसात वाट वाचायची

दुरुस्तीचा आराखडा घरी बसून होत नाही. जुलैत चांगला पाऊस कोसळत असताना वाटेवर जा. पाणी वाटेत कुठून शिरते, किती अंतर वाटेने धावते आणि कुठे बाहेर पडते, या तीन जागा टिपा. प्रत्येक जागी मोबाईलवर फोटो आणि लोकेशन घ्या. फोटोत एखादे झाड किंवा मोठा खडक येऊ द्या, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागेवरून दुसरा फोटो घेता येतो.

मग चढ मोजा. त्यासाठी पाणलोटाच्या कामात वापरतात तो हायड्रोमार्कर पुरतो: १० ते १२ मीटरची पारदर्शक नळी आणि सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकते, म्हणून पाणी भरल्यावर दोन्ही टोके शेजारी-शेजारी धरा. पाणी एका पातळीत आले तरच मोजायला लागा. मोजताना दोन्ही टोके उघडी हवीत, नेताना अंगठ्याने बंद. काठ्या ५ मीटर अंतरावर धरल्या आणि पाण्याच्या पातळीवरच्या दोन खुणांत ५० सेंटिमीटरचा फरक आला, तर चढ १० टक्के. मुरमाड जमिनीवर वाट साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर टिकते. दुसरा हिशोब बाजूच्या उताराचा: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा. टेकडीचा उतार २० टक्के आणि वाट १५ टक्के चढत असेल, तर पाण्याला वाट सोडून खाली जाण्याचे कारणच उरत नाही, ते वाटेनेच धावते. सरळ धारेत, म्हणजे उताराला नाक लावून चढणारी वाट कितीही दुरुस्त करा, ती ओघळच होते.

हत्यारे आणि माणसे

दहा जणांच्या गटाला तीन टिकाव, दोन कुदळी, तीन फावडी, दोन पहारी, पाच घमेली, एक घण, एक धुमस (माती ठोकून दाबायचे जड हत्यार), दोन कोयते आणि चार खुरपी एवढे सामान बरोबर पुरते. यापेक्षा जास्त हत्यारे आणली की माणसे एकमेकांच्या वाराच्या अंतरात उभी राहतात. दोन टिकावांमध्ये किमान ३ मीटर मोकळे ठेवा. आदल्या दिवशी प्रत्येक दांडा हलवून पाहा. सैल असेल तर पाचर ठोका आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगून पाते घट्ट बसते. हा उपाय त्या दिवसापुरता आहे, वाळले की दांडा पुन्हा ढिला पडतो, म्हणून पाचर नीट बसवलेली हवीच. हत्यार नेताना हातात, पाते खाली करून, उताराच्या बाजूला धरा, खांद्यावर टाकू नका. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या निसरड्या उतारावर, पाय निसटला की खांद्यावरचा टिकाव मानेवर येतो.

सकाळी साडेसहा ते दहा ही वेळ चांगली. माणशी ३ लिटर पाणी, जाड हातमोजे, पूर्ण पँट आणि बंद बूट हवेतच. ऑक्टोबरनंतर कुसळी गवत पिकलेले असते आणि त्याची कुसळे मोज्यातून आरपार जातात. नवे येणारे लोक पहिल्या तासात सगळी ताकद संपवतात. त्यांना वीस मिनिटे टिकाव, वीस मिनिटे घमेले अशी पाळी लावून द्या. कामाचा अंदाजही खरा ठेवा: दगडगोट्यांच्या मुरमात दहा जणांनी एका सकाळी पंधरा-वीस मीटर नवी वाट काढली तर ते पुष्कळ झाले.

सरी आणि वरंबा

वापरातल्या वाटेचा मधला भाग पायांनी दबतो आणि कडेला माती साठत जाते. शेतातल्यासारखी सरी आणि वरंबा तयार होतो. या सरीतून पाण्याला बाहेर पडता येत नाही. निम्म्याहून जास्त वाटांना दुरुस्ती म्हणून एवढेच लागते की दरीकडच्या बाजूचा वरंबा कापून काढायचा. टिकावाने तो सैल करा आणि माती फावड्याने उतारावर लांब, पसरून फेका. कडेलाच ढीग ठेवला तर पहिल्या पावसात तोच पुन्हा वरंबा होतो.

मग तळाला बाहेरच्या बाजूला हलका कल द्या, साधारण ५ टक्के. म्हणजे ६० सेंटिमीटर रुंद वाटेची दरीकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षा ३ सेंटिमीटर खाली. डोळ्याने हे फसवे दिसते, कारण उतारावर उभ्या माणसाला सपाट जमीनही कललेली वाटते. तांब्याभर पाणी डोंगराकडच्या कडेला ओता. ते आडवे वाहत दोन पावलांच्या आत बाहेर पडले तर कल बरोबर. वाटेच्या दिशेने धावू लागले तर अजून कापा. मधेच डबके झाले तर तिथे खळगा आहे, तो ओलसर मुरमाने भरून धुमसाने ठोका. कोरडा मुरूम कितीही ठोकला तरी दबत नाही, मुठीत धरल्यावर ढेकूळ होईल इतकाच ओला हवा. म्हणून मातीकाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकावे. मार्चमध्ये तीच जमीन टिकावाला दाद देत नाही.

लवण, आणि मग दगडओळ

वाट चढत असताना मधेच एक छोटी लवण दिली, म्हणजे काही पावले उलटा उतार दिला, की पाणी तिथे थांबते आणि बाहेर पडते. लवण ही पाणी काढायची सगळ्यात टिकाऊ पद्धत, कारण तिच्यात तुटण्यासारखे काही नसते. खालच्या बाजूला ३ ते ४ मीटर लांबीचा, २० ते ३० सेंटिमीटर उंचीचा उंचवटा करायचा, त्याच्या वरच्या अंगाला बशीसारखा खळगा, आणि खळग्याचे तोंड दरीकडे. हे तोंड किमान ६० सेंटिमीटर रुंद हवे. अरुंद तोंड पालापाचोळ्याने तुंबते. खोदलेली माती उंचवट्याला वापरून धुमसाने ठोकली की बाहेरून काही आणावे लागत नाही. १० टक्के चढाच्या वाटेवर दर १० ते १५ मीटरला एक लवण ठेवा, जास्त चढ असेल तर त्याहून जवळ.

वाट आधीच खोल गेली असेल आणि लवण द्यायला जागा नसेल, तेव्हा तिरकी दगडओळ घाला. ती वाटेला काटकोनात घालणे ही नेहमीची चूक. काटकोनात पाणी अडते, गाळ साचतो, आणि भरले की पाणी वरून उडी मारून खालची माती खणते. ओळ ४५ ते ६० अंशांत तिरकी घ्या, म्हणजे पाणी तिच्या कडेने घासत जाते आणि तोंड स्वतःच धुऊन काढते. ३० ते ४० सेंटिमीटर उंचीचे दगड उभे करा, दोन तृतीयांश जमिनीत आणि एक तृतीयांश वर. लावायची सुरुवात दरीकडच्या टोकापासून, आणि वरचा दगड खालच्या दगडावर पुढून चढवायचा, कौले एकमेकांवर चढतात तसा. फट उलटी ठेवली की पाणी तिथून आत शिरून दगड मोकळा करते. ओळीची दोन्ही टोके वाटेच्या कडेबाहेर ३० सेंटिमीटर न्या, नाहीतर पाणी टोकाला वळसा घालते. तिच्या तोंडातून निघणारा पाट निदान मीटरभर पुढे काढा आणि तिथे मूठभर आकाराचे दगड पसरा, म्हणजे पाण्याचा जोर मोडतो.

वाट नव्याने काढावी लागली तर

सरळ धारेतल्या वाटेला उपाय एकच: ती सोडून वळणावळणाने नवी वाट काढायची. वनविभागाच्या परवानगीने हे होऊ शकते, पण हलक्या हाताने करायचे काम नव्हे. आधी सुतळी आणि फक्कीने वाट आखा, हायड्रोमार्करने चढ तपासा, आणि दोन आठवडे तशीच ठेवून त्यावरून चालून पाहा. वळणे मोठ्या खडकाच्या किंवा झुडपाच्या आड घ्या. वरच्या टप्प्यावरून खालचा टप्पा दिसला की लोक मधून उतरतात.

खोदताना वाटेचा अख्खा तळ मूळ जमिनीत कापलेला हवा. निम्मा कापून निम्मा भरावावर घेतला तर काम अर्ध्या वेळात होते, आणि पहिल्या मोठ्या पावसात भरावाची कड खाली जाते. दोन माणसे मागे-पुढे चालतील अशा वाटेला ६० ते ९० सेंटिमीटर रुंदी पुरे. डोंगराकडची कापलेली बाजू उभी ठेवू नका, तिरकी उतरती करा. उभा कापलेला मुरूम ढासळून वाटेवरच येतो.

पायऱ्या आणि धर

चढ २० टक्क्यांच्या पुढे गेला आणि वाट वळवायला जागा नसली, तेव्हाच पायऱ्या. सिमेंट वापरू नका. त्याखालून पाणी माती काढते, वरून लादी तशीच दिसते, आणि एके दिवशी ती पोकळ लादी माणसासकट खचते. लाकडी ओंडक्यांना वाळवी लागते. आपल्याकडे काळा पाषाण भरपूर आहे, तोच वापरावा.

पायरीची उंची १५ ते १८ सेंटिमीटर, पाऊल ठेवायची जागा किमान ३० सेंटिमीटर. बांधकाम खालून वर. सगळ्यात खालचा दगड कातळावर किंवा घट्ट मुरमावर बसवा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावर रेलणार. वरचा दगड खालच्याच्या पाठीवर ५ सेंटिमीटर चढला पाहिजे. दगडाच्या मागे माती भरू नका, फोडलेली खडी ठोकून भरा. मातीतून पाणी निघत नाही, ती फुगते आणि दगड पुढे ढकलते. प्रत्येक दगड बसल्यावर त्याच्या चारही कोपऱ्यांवर पाय देऊन उडी मारा. जरा जरी डुगडुगला तर काढून पुन्हा बसवा. फटीत चिपा ठोकून गप्प केलेला दगड सहा महिन्यांत पुन्हा हलतो. चिपा दगड पक्का बसल्यावर फट भरायला असतात, दगड उचलून धरायला नाही.

वजनाचा अंदाज आधी घ्या. ६० × ४० × १५ सेंटिमीटरचा पाषाण जवळजवळ १०० किलो भरतो. तो दोघांनी हाताने उचलायचा नाही. पहारीने सरकवा, उलटवा, आणि उताराच्या खालच्या बाजूला कुणी उभे नाही हे ओरडून विचारून, उत्तर ऐकूनच हलवा. दगड वाटेपासून दहा-पंधरा पावले आतून आणा, तेही सुटे पडलेले. मातीत रुतलेला दगड उपसला की तिथे नवी ओघळ सुरू होते.

वाटेची दरीकडची बाजू सुटत असेल तर कोरड्या दगडांची धर, म्हणजे माती अडवणारी भिंत, लागते. पाया घट्ट जमिनीपर्यंत खणा आणि तो डोंगराच्या बाजूला जरा आत कललेला ठेवा. मोठे दगड खाली, सांधा कधीही सांध्यावर नाही, आणि दर मीटरभर अंतरावर एखादा लांब दगड आत खोल गेलेला. धर सरळ उभी नको: १ मीटर उंचीत २० ते २५ सेंटिमीटर मागे रेललेली हवी. ६० सेंटिमीटरपेक्षा उंच धर श्रमदानात बांधू नये. दगडकाम जाणणारा गावचा गवंडी मजुरी देऊन बोलवावा, आणि त्याच्या हाताखाली काम करावे. एका दिवसात जे शिकायला मिळते ते वाचून येत नाही.

शॉर्टकट बंद करताना

आधी मूळ वाट नीट करा, मगच शॉर्टकट बंद करा. मूळ वाटेवर घसारा असेल तर काटेरी फांद्या बाजूला सारून लोक शॉर्टकटनेच जाणार. बंद करताना वरचे आणि खालचे तोंड सगळ्यात महत्त्वाचे, पहिली पाच-सहा मीटर. तिथली दबलेली जमीन टिकावाने १० सेंटिमीटर खोल उकरा, आसपासचा पाचोळा आणि गवताचे बी पसरा, मोठे दगड निम्मे पुरून वेडेवाकडे ठेवा. दगडांची सरळ रांग लावली की ती पायऱ्यांसारखी दिसते आणि लोक त्यावरून चालतात. वरून वाळलेल्या बाभळीच्या फांद्या टाका, बुंधा खालच्या बाजूला आणि शेंडा चालणाऱ्याच्या तोंडाशी. मधल्या ओघळीत दर ३-४ मीटरला छोटे अनगड दगडी बांध घाला, मधे खोलगट आणि कडेला उंच. मधे उंच ठेवलेला बांध पाणी कडेला वळवतो आणि ओघळ रुंद होते.

झाडोरा, आणि दगडाखालचे रहिवासी

वाटेवर २ मीटरपेक्षा थोडी जास्त उंची आणि मीटरभर रुंदी मोकळी असली की पुरे. फांदी तोडायची तर तीही परवानगीतल्या यादीतच. आधी खालून थोडी चीर द्या, मग वरून कापा, नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते. घाणेरी नुसती कोयत्याने छाटली तर दुप्पट फुटते. जमीन ओली असताना कुदळीने बुडखा मातीखाली तोडा आणि झुडूप मुळे वर करून ठेवा. करवंदीला हात लावू नका, ती माती धरून ठेवते. उघड्या मुरमावर टिटवी अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर तिथले काम महिनाभर पुढे ढकला.

फुरसे आणि विंचू दगडाखालीच असतात. दगड कधीही बोटे खाली घालून उचलायचा नाही. पहारीने, आणि आपल्याकडे उलटवायचा, म्हणजे उघडणारी फट समोरच्या बाजूला राहते. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट बांधणे हे काहीही करू नका. अंगठ्या, घड्याळ काढा, हातपाय हलू देऊ नका, उचलून खाली न्या आणि १०८ ला फोन करा. कातळावर आग्यामोहोळ असेल तर त्या टप्प्यात घण चालवू नका, धूर करू नका. जानेवारीनंतर गवत वाळले की विडी-सिगारेट, चूल, गवत जाळणे सगळे बंद. वणवा दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आधी लावा.

नंतरची देखभाल

बांधलेल्या प्रत्येक लवणीला आणि दगडओळीला क्रमांक द्या आणि वहीत नोंद ठेवा, दगडावर रंगाने नको. मे अखेरीस, पावसाळ्याच्या आधी, सगळी तोंडे साफ करा. पाचोळा आणि गाळ हाताने काढून खालच्या बाजूला टाका. पहिल्या जोरदार पावसानंतर दोन दिवसांत दोघा-तिघांनी एक फेरी मारा. त्या फेरीत टिकाव लागत नाही, फक्त खुरपे न्या. कुठल्या क्रमांकाचे तोंड तुंबले, कुठे पाणी टोकाला वळसा घालून गेले, कुठला दगड डुगडुगतो, एवढे लिहून आणा. तुंबलेले तोंड तिथल्या तिथे मोकळे करा, बाकीचे काम ऑक्टोबरपर्यंत थांबू शकते.